पाटी उतरवा, अभ्यासिका उघडा : आमच्या कॉलेजच्या व्यवस्थापन मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष, मा. संचालक आणि मा. प्राचार्य यांना,

सप्रेम नमस्कार.

पत्रात कॉलेजचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. ज्यांना ते लिहिलंय त्यांना लगेच कळेल. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या इतर पालकांना ते आपल्याच कॉलेजबद्दल आहे असं वाटलं, तर त्याला माझा इलाज नाही. याआधी मी कार्यालयात दोन साधी पत्रं दिली आणि दोन्हींवर आवक शिक्का मारून घेतला. पहिल्याला दोन महिने झाले, दुसऱ्याला पाच आठवडे. उत्तर नाही, फोन नाही, 'पत्र मिळाले' एवढंही नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते.

मी खानापूर तालुक्यातली. हायस्कूलमध्ये गणित शिकवते, पंचवीसहून जास्त वर्षं. पण आधी तुमच्या कॉलेजची विद्यार्थिनी. 1992 ला पीयूसीला (अकरावी-बारावीला) आले आणि 1997 ला बी.एस्सी. होऊन बाहेर पडले. आता माझी मुलगी तिथेच बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला दुसरीकडे घालायचं घरात चाललं होतं, मीच हट्ट धरला. तेव्हा या पत्रात थोडा राग माझा माझ्यावरही आहे.

यंदा तिसरं सेमिस्टर सुरू होताना पालकांच्या मोबाइलवर तुमचं परिपत्रक आलं. 'आजच्या स्पर्धेच्या युगात विद्यार्थ्यांमध्ये निकोप स्पर्धा निर्माण व्हावी' म्हणून काही निर्णय घेतल्याचं त्यात होतं. (हे स्पर्धेचं युग मी पाचवीत असताना सुरू झालं होतं. अजून संपायचं नाव घेत नाही.) निर्णय असे : प्रत्येक इंटर्नलनंतर (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेनंतर) सगळ्या मुलांची क्रमवार यादी दर्शनी भागात लावायची. त्या क्रमानं वर्गाच्या अ, ब, क अशा तीन तुकड्या करायच्या आणि दर सेमिस्टरला त्या बदलायच्या. पहिल्या दहा जणांना फीमध्ये सवलत द्यायची. अभ्यासिकेची अर्धी जागा 'रँकर्स बॅच'ला देऊन उरलेली साडेचारला बंद करायची. आणि 'शैक्षणिक नुकसान टाळण्यासाठी' यंदा स्नेहसंमेलन आणि भित्तिपत्रक बंद.

वाचताना मला यात फार काही वावगं दिसलं नाही, हे कबूल करते. मीही शाळेत पहिल्या तिघांची नावं फळ्यावर लिहिते. माझे डोळे उघडले ते एका रात्री भाकऱ्या करताना.

मुलीचा फोन वाजला. पलीकडे तिची मैत्रीण, शिनोळीची. पहिल्या वर्षाला दोघी एका बाकावर बसायच्या, एका डब्यात जेवायच्या. आता माझी मुलगी अ तुकडीत, ती ब मध्ये. मैत्रिणीनं विचारलं, शनिवारच्या इंटर्नलला तिसरं युनिट आहे की नाही? माझ्या मुलीला माहीत होतं. सरांनी अ तुकडीत सांगितलं होतं, तासाभरापूर्वी ती माझ्यासमोर तेच युनिट काढून बसली होती. आणि ती म्हणाली, "मला पण काय कळलं नाही गं. बघ, तुझ्या सरांना विचार." फोन ठेवला. तव्यावरची भाकरी करपली तरी माझं लक्ष नव्हतं. मी नुसतं बघितलं तिच्याकडे. तिनं मान वर न करता सांगितलं, "आई, मी अठ्ठावन्नावी आहे. ती एकसष्टावी. अ तुकडी साठला संपते."

मी तिला रागावले नाही. रागावायला माझ्याकडे मुद्दाच नव्हता. गणित तिचं बरोबर होतं. तुम्ही मांडून दिलेलं गणित आहे ते, तिनं फक्त सोडवलं.

पुढचं ऐका. परीक्षा झाल्यावर तिला राहवलं नाही. रविवारी तिनं मैत्रिणीला फोन करून खरं काय ते सांगितलं. पलीकडून जरा वेळ आवाजच नाही. मग ती म्हणाली, "मी पण तुला व्हायव्हाला काय विचारत होते ते सांगितलं नव्हतं." दोघी हसल्या, मग दोघी रडल्या. हा मजकूर मी दोघींना विचारून छापते आहे.

आता माझ्या वेळचं एक सांगते. मी मराठी माध्यमातून आलेली. चाल आणि वेग मला चांगले माहीत होते, स्पीड आणि व्हेलॉसिटी माहीत नव्हते. पीयूसीच्या पहिल्या सहामाहीत फिजिक्सला मला शंभरात एकोणीस मिळाले. सामान बांधून परत जायची तयारी केली होती. आम्हा पाच जणींचं टोळकं जमलं ते त्या एकोणीस मार्कांवरून, कारण बाकीच्यांचेही असेच काहीतरी होते. दोघी नंदगडच्या, एक शहापूरची, मी, आणि एक बैलहोंगलची, घरात निव्वळ कन्नड बोलणारी. फिजिक्स लॅबच्या बाहेरच्या व्हरांड्यात एक लांब बाकडं होतं. तास संपले की शेवटच्या बसपर्यंत आमचा मुक्काम तिथे. बैलहोंगलची गणितात वस्ताद. ती इंग्रजीतून पायरी मांडायची, कन्नडमधून समजावायची आणि प्रत्येक पायरीला विचारायची, "तिळीतेनु?" (कळलं का?) शहापूरची ते मराठीत फिरवायची. आम्ही तिघी मान डोलवायचो. मग मान डोलावणाऱ्यातल्या एकीला उठवून तेच पुन्हा सांगायला लावायची, आणि तिथं आमचं पितळ उघडं पडायचं. तिला मराठी आलं ते त्या बाकड्यावर, आम्हाला कन्नड आलं तेही तिथेच. आज खानापूरच्या तहसीलमध्ये शाळेच्या कामाला गेले की मी ज्या कन्नडात बोलते, ते तिनं शिकवलेलं. शिपाईमामा कुलपाचा जुडगा वाजवत यायचे, पण दिवा बंद करायचे नाहीत. "जांबोटीची गाडी लागली की उठा," एवढंच म्हणायचे.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी निकाल धारवाडहून आला. कॉलेजात मी दहावी आणि ती अकरावी. दोन मार्कांचा फरक, आणि तोही इंटिग्रेशनच्या पेपरात, जे तिनं मला शिकवलं होतं. ती आधी पोट धरून हसली आणि मग मला गोवावेसला नेऊन भजी खायला घातली. आता तुमच्या नव्या परिपत्रकाची फूटपट्टी लावून बघा. फी सवलत पहिल्या दहांना. म्हणजे मला शिकवण्याबद्दल तिला तिच्या फीचा दंड बसला असता. तिच्या वडिलांची तीन एकर कोरडवाहू होती. मला शिकवू नकोस असं त्यांनी तिला सांगितलं असतं, तर मी त्यांना दोष दिला नसता.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या पाटीवर माझा नंबर मी पुढे गेल्यानं वर चढतो, तसाच शेजारीण मागे पडल्यानंही चढतो. दुसरा रस्ता सोपा आहे. मुलं मूर्ख नाहीत.

आता तक्रारी.

पहिली त्या पाटीची. प्रवेशद्वारातून आत आलं की समोर संस्थापकांची तसबीर आणि तिच्या बरोबर खाली काचेची पेटी. पेटीत एकपासून एकशे अठ्ठ्याहत्तरपर्यंत सगळी नावं, शेवटची दहा लाल अक्षरांत. ज्या माणसानं खेड्यातल्या पोरांना शिकता यावं म्हणून दारोदार फिरून वर्गणी जमवली, त्याच्या पायाशी आपण खेड्यातल्या पोरांची नावं लाल शाईत लावली आहेत. एकदा उभं राहून बघा. मी पाहिलं. एका मुलाचा बाप, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बोटानं खालून वर शोधत होता. वरून खाली नव्हे.

हे नुसतं वाईट दिसतं एवढंच नाही. केंद्र सरकारनं जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. चाचणीचे निकाल जाहीर लावू नयेत, गुप्त ठेवावेत आणि ज्याची घसरण होते आहे त्याला समुपदेशन द्यावं, असं त्यात स्पष्ट आहे. क्लासवाल्यांना जे करू नका म्हणून सांगावं लागलं, ते आपण कॉलेजात सुरू केलं. त्यानंतर 25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वच शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. गुणांवरून तुकड्या पाडणं, चारचौघांत लाज काढणं, झेपणार नाहीत अशी लक्ष्यं देणं शक्य तितकं टाळा, असं त्यात आहे. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमा, हेही आहे. तुमच्या संचालकांत वकील आहेत. त्यांनी तो निकाल वाचला असेल असं मी धरून चालते.

दुसरी तक्रार तुकड्यांची. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ला हे लागतं, असं ऑफिसात तोंडी सांगण्यात आलं. नॅकच्या मूल्यांकनात विचारलं गेलेलं आहे ते असं : मुलांची शिकण्याची पातळी तुम्ही कशी पाहता, आणि पुढे असलेल्यांसाठी व मागे पडलेल्यांसाठी काय विशेष करता. तुमच्याकडे विशेष काय झालं? अ तुकडीला अनुभवी प्राध्यापक आणि क तुकडीला दर महिन्याला बदलणारे अतिथी लेक्चरर. त्या लेक्चररांचा दोष नाही, त्यांचा पगारच वेळेवर होत नाही. पण ज्याला जास्त लागतं त्याला कमी वाढलं, हे कुठल्या पंगतीत चालतं? क तुकडीच्या दारात पाच मिनिटं उभं राहा. आतून खानापुरी मराठी ऐकू येईल आणि बैलहोंगली कन्नड. सरकारी शाळेतून आलेली, इंग्रजीशी पहिल्यांदा झुंजणारी मुलं तुम्ही चाळणीनं एका बाजूला काढली. आमच्या बाकड्यावर जशी शहापूरची आणि बैलहोंगलची होती, तशी त्यांच्यात आता कोणी राहिली नाही. पायरी मांडायची कोणी आणि फिरवायची कोणी?

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. नुसती मुलं मिसळली की काम झालं, असंही नाही. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत काही अर्थतज्ज्ञांनी कमी गुणांची मुलं मुद्दाम हुशार मुलांच्या तुकड्यांत घातली आणि मधली वेगळी काढली. कागदावर हिशेब चोख होता. 2013 मध्ये निष्कर्ष छापून आला तो उलटा : कमी गुणांच्या मुलांचं नुकसानच झालं, कारण तुकडी एक असली तरी हुशार हुशारांत आणि कच्ची कच्च्यांत कोंडाळी करून बसली. तेव्हा मिसळा आणि विसरा, असं मी म्हणत नाही. मिसळल्यावर त्यांनी एकत्र बसावं, बोलावं, भांडावं यासाठी जागा आणि वेळ लागतो.

तोच तुम्ही काढून घेतला. ही तिसरी तक्रार, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी.

अभ्यासिका साडेचारला बंद. आतल्या अर्ध्या भागाला काच लावून एसी बसवला, तिथे रँकर्स बॅच सातपर्यंत. बाकीच्यांनी बाहेर. आता तुमच्या मुली कुठे जातात ते सांगते, कारण संचालकांच्या गाड्या त्या रस्त्यानं जात नाहीत. जांबोटीकडची गाडी सहा दहाला. म्हणजे साडेचार ते सहा दहा, शंभर मिनिटं, माझी मुलगी बसस्टँडवर उभी. तिच्यासारख्या कितीतरी. कणकुंबीकडच्या, नंदगडकडच्या, गुंजी-लोंढ्याकडच्या. कर्नाटकात 11 जून 2023 पासून बायकांना साध्या बसमधून मोफत प्रवास झाला. गावातल्या ज्या मुलींचं शिक्षण पासच्या पैशावर अडायचं, त्यांच्या घरात आता ते निमित्त चालत नाही. वेंगुर्ला रोडच्या गाडीत तर गंमतच असते. उचगावची मुलगी आधार कार्ड दाखवून फुकट बसते आणि पुढची बाची ओलांडली की लागणाऱ्या शिनोळीची मुलगी, सीमेपलीकडची म्हणून, तिकीट काढते. बसल्या मात्र दोघी एका सीटवर. सरकारनं तिकीट माफ केलं, आणि तुम्ही त्या शंभर मिनिटांचं कुलूप लावलं.

घरी जाऊन करतील अभ्यास, म्हणाल. पावसाळ्यात जांबोटीच्या वर एकदा या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वीज कधी जाते यापेक्षा कधी येते हेच आम्ही सांगतो. मोबाइलला रेंज हवी तर माझी मुलगी छत्री घेऊन देवळाच्या कट्ट्यावर जाते. घरी गेली की पाणी, भांडी, आजीची औषधं. अभ्यासाचा खरा वेळ तोच होता, कॉलेज सुटल्यापासून गाडी लागेपर्यंतचा. तेवढाच.

आणि एकटीनं केलेला अभ्यास व मिळून केलेला अभ्यास यांत काय फरक पडतो, याचं उत्तर माझ्या आठवणींवर सोडू नका. 1970च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात उरी ट्राइसमन नावाचा गणिताचा माणूस एका प्रश्नामागे लागला होता. कृष्णवर्णीय मुलं कॅलक्युलसमध्ये इतकी नापास का होतात? प्राध्यापकांची उत्तरं तयार होती : तयारी कच्ची, घरात वातावरण नाही, मन लावत नाहीत. (स्टाफरूममध्ये हीच वाक्यं मी रोज ऐकते.) ट्राइसमननं वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाची मुलं घेतली आणि ती अभ्यास करतात कशी, ते महिनोन् महिने त्यांच्यात जाऊन पाहिलं. कृष्णवर्णीय मुलं आळशी मुळीच नव्हती. सांगितल्याप्रमाणे आठवड्याला आठेक तास बसत होती, पण एकेकटी. अडलं तर आपणच मठ्ठ, असं समजून गप्प. चिनी वंशाची मुलं चौदाएक तास बसत, त्यातले चार-सहा तास मिळून. संध्याकाळी जेवायला एकत्र यायची, एकमेकांची उत्तरं ताडून बघायची, चुका काढायची, जुन्या प्रश्नपत्रिका फिरवायची. मग ट्राइसमननं गट सुरू केले. त्यानं 'कच्च्यांचा वर्ग' काढला नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि सांगितलं, मिळून सोडवा. त्या मुलांचे निकाल सुधारले.

हे वाचलं तेव्हा मला आमचं बाकडं आठवलं. बर्कलीच्या लोकांना जे शोधायला इतकी वर्षं लागली, ते आमच्या शिपाईमामांना माहीत होतं, म्हणून ते दिवा बंद करत नव्हते. आणि लांब कशाला जायचं? राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 ला साताऱ्यात वसतिगृह काढून जातीजातींची मुलं एका पंगतीला बसवली, एकत्र राबवली, शिकवली. या भागात पहिल्या पिढीचं पोर शिकलं ते असं, चार जणांत राहून.

चौथी गोष्ट लहान आहे, पण लिहून ठेवते. लायब्ररीतल्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या संदर्भग्रंथातलं एक पूर्ण प्रकरण ब्लेडनं कापून नेलेलं माझ्या मुलीला आढळलं. लायब्ररीयन मॅडम म्हणाल्या, यंदाचं हे तिसरं पुस्तक. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्यालाही मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, पूर्वी एकीची वही यायची आणि तीस कॉप्या जायच्या. आता ज्याची वही त्याचीच कॉपी, आणि वर सांगतात, उलटी ठेवा, कुणाला दाखवू नका." निकोप स्पर्धेचा हा माझ्याकडचा पुरावा : एक ब्लेड आणि एक पालथी वही.

स्नेहसंमेलन आणि भित्तिपत्रकाबद्दल एकच वाक्य. आमच्या काळी गॅदरिंगच्या नाटकात पडदा ओढणारा मुलगा केमिस्ट्रीत नापास होता, आणि नाटकातल्या नायिकेनं त्याला पास करून घेतलं.

मी स्पर्धेच्या विरुद्ध आहे, असा अर्थ काढू नका. माझ्या शाळेतली मुलं तालुक्याच्या कबड्डीला जातात तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडणारी मीच असते. पण कबड्डीत आपल्याच गड्याचा पाय कोणी धरत नाही. 2012 मध्ये कोऊ मुरायामा आणि अँड्र्यू इलियट या दोन मानसशास्त्रज्ञांनी स्पर्धा आणि कामगिरी यांवरचे आधीचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून तपासले. एकूण गोळाबेरीज जवळपास शून्य निघाली. स्पर्धेनं काहीच होत नाही असा याचा अर्थ नव्हे. तिचे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात. कुणी 'मला पुढे जायचंय' म्हणून भिडतो, त्याचं काम सुधारतं. कुणी 'मी शेवटचा नको ठरायला' म्हणून भितो, त्याचं बिघडतं. आता सांगा, लाल अक्षरांतली दहा नावं यातलं काय वाढवतात? आणि साठावा नंबर? माझ्या मुलीनं त्या रात्री पुढे जाण्यासाठी खोटं बोललं नव्हतं. खाली पडू नये म्हणून बोललं होतं.

रँकर्स बॅचचा निकाल चांगला लागतो, असं तुम्ही म्हणाल. गेटवर फ्लेक्स आहेच, दहा हसरे फोटो, वर संचालकांचे त्याहून मोठे. त्या दहा जणांचं मनापासून अभिनंदन. पण फ्लेक्सवर एकशे अठ्ठ्याहत्तरपैकी बाकीच्यांचा हिशेब नसतो. पहिल्या वर्षाला किती आले, तिसऱ्या वर्षाला किती पोचले, मधल्या मध्ये किती मुली घरी बसल्या, किती मुलं हॉटेलात लागायला पणजीला गेली? कॉलेजचं यश मोजायचं तर आधी हे आकडे लावा. हवं तर त्याच काचेच्या पेटीत लावा.

मागण्या सांगते. सगळ्या तुमच्या हातातल्या आहेत, कुणा मंत्र्याकडे जायला नको.

क्रमवारीची पाटी या आठवड्यात उतरवा. ज्याचे गुण त्याला द्या, बंद पाकिटात किंवा त्याच्या लॉगिनवर.

गुणांवरच्या तुकड्या पुढच्या सेमिस्टरपासून बंद करा. हजेरी क्रमांकानं वर्ग करा आणि अनुभवी प्राध्यापक सगळ्या वर्गांना वाटून द्या.

अभ्यासिका सगळ्यांसाठी सातपर्यंत उघडी ठेवा. काचेची भिंत काढायचा खर्च नको असेल तर तिचं दार उघडं ठेवा, तेवढंही चालेल. दिवा आणि एक माणूस, एवढाच खर्च आहे. माणसाचा पगार परवडत नसेल, तर आम्ही माजी विद्यार्थी वर्गणी काढतो. नावं माझ्याकडे तयार आहेत.

फी सवलत पहिल्या दहांना न देता ठरलेल्या गुणांच्या वर जाणाऱ्या प्रत्येकाला द्या, रक्कम हवी तर कमी करा. मग एकीनं दुसरीला शिकवलं तर दोघींना मिळेल. पैसे शिल्लक राहिले, तर तिसऱ्या वर्षाच्या ज्या मुली पहिल्या वर्षाचे गट घेतील, त्यांना मानधन द्या. पहिल्या सेमिस्टरला मराठी आणि कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांसाठी असे गट हवेतच, आणि त्यांत दोन्ही भाषांची मुलं एकत्र हवीत. गणितं अवघड द्या.

प्रशिक्षित समुपदेशक नेमा. 'मेंटर-मेंटी'च्या फायलीत सह्या घेणारा प्राध्यापक म्हणजे समुपदेशक नव्हे.

भित्तिपत्रक परत लावा. गॅदरिंगचं तुम्ही ठरवा, मी त्यावर भांडणार नाही.

आणि शेवटची मागणी अशी की या सगळ्याचं उत्तर लेखी द्या, दिवाळीच्या सुट्टीआधी. पालकसभा बोलावलीत तर उत्तम. तिथे विद्यार्थ्यांनाही बोलू द्या, क तुकडीतल्यांनाही. उत्तर आलं नाही तर तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि ही तीन पत्रं घेऊन मी विद्यापीठाकडे जाईन. धमकी देत नाही, माझा पुढचा रस्ता सांगते आहे.

काही प्राध्यापकांनी मला खासगीत फोन केले. 'मॅडम, तुम्ही लिहा, आम्हाला बोलता येत नाही,' म्हणाले. त्यांची नावं कुणीही विचारू नयेत.

माझ्या मुलीनं हे पत्र वाचून एक दुरुस्ती सुचवली. शिनोळीच्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस, म्हणाली. तर लिहिते : ती आता साठावी आहे आणि माझी मुलगी बासष्टावी. दोघी बसस्टँडवरच्या फलाटावर, वह्या मांडीवर घेऊन, साडेचार ते सहा दहा एकत्र बसतात. शिनोळीची गाडी खरं तर साडेपाचला असते. ती एक गाडी सोडते.

पालकसभा ठेवलीत तर दुपारी तीनला ठेवा, ही विनंती. जांबोटीची सहा दहाची गाडी मलाही पकडायची असते.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी आणि पालक
खानापूर तालुका